अक्कलकोट रोडवरचं ४८६ बंद पडलंय: बॅटरीनं खाल्लेला मदरबोर्ड परत उभा करायचाय

मागावरचा
नमस्कार मंडळी. आमचा चादर-टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. जकार्डचे पत्ते (मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे) पाडायचं पंचिंग मशीन एका ४८६ (इंटेल ८०४८६ पिढीच्या) कॉम्प्युटरवर चालतं. डीएक्स२-६६ प्रोसेसर, ८ एमबी रॅम, डॉस ६.२२, आत एक लांबलचक आयसा (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) कार्ड आणि त्यातून मशीनकडे गेलेली रिबन केबल. वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतलेलं. स्क्रीनवर चौकटी भरून नक्षी काढायची आणि मशीन पुठ्ठ्याला ओळीनं भोकं पाडत जातं.

दिवाळीनंतर नवीन डिझाईन नव्हतं, म्हणून ते बंदच होतं. आता चालू केलं तर एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही आणि बीपही नाही. झाकण काढून पाहिलं तर कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ निळी, पिंपाच्या आकाराची बॅटरी आहे आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी भुकटी जमलीय.

ज्यांनी मशीन बसवलं त्यांचा धंदा कधीच बंद झाला. नव्या इलेक्ट्रॉनिक जकार्डला पत्ते लागत नाहीत हे मला माहीत आहे, पण आमचे चालू माग पत्त्यांवरचेच आहेत आणि ते उत्तम चालतात. शिवाय वडिलांनी काढलेल्या सगळ्या नक्ष्या त्याच हार्डडिस्कवर आहेत. दुरुस्त होईल का? आणि उघडलंच आहे तर सोबत प्रोसेसर, रॅम वाढवून घेऊ का?

जुना डॉस
दुरुस्त होण्याची शक्यता चांगली आहे. पण आधी प्लग काढा आणि "एकदा बघू" म्हणूनसुद्धा परत चालू करू नका. आणि आजच्या आज ती बॅटरी कटरनं कापून बोर्डापासून वेगळी करा.

ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी आहे. आत तीन सेल असतात. गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. गाडीच्या बॅटरीची सवय असलेले लोक इथेही खायचा सोडा लावतात, त्याचा उपयोग शून्य. इथे सौम्य आम्ल लागतं. बोर्ड कपाटात ठेवून दिला तरी हे थांबत नाही. ते तांब्याच्या ट्रॅकवरून, वरच्या हिरव्या थराखालून सरकत जातं आणि व्हायामधून (दोन बाजूंचे ट्रॅक जोडणाऱ्या बारीक भोकातून) मागच्या बाजूला उतरतं. म्हणून ज्याच्या घरी अशी बॅटरी असलेला बोर्ड आहे, त्यानं ती गळलेली नसली तरी काढावी.

अजून एक, जिवाशी संबंधित. एटी कॅबिनेटमध्ये समोरच्या चालू-बंद बटणातून थेट २३० व्होल्ट जातात. त्या बटणामागच्या वायरी उघड्या असतील तर टेप लावा, आणि प्लग लावलेला असताना तिथे हात घालू नका. एसएमपीएसच्या दोन पट्ट्या, पी८ आणि पी९, काढण्याआधी फोटो घ्या. लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलट लागल्या तर बोर्ड आणि कार्डं दोन्ही जातात.

सात रस्ता
+१. अन् बोर्डाच्या आधी डिस्क बघा मालक. बोर्ड दुसरा मिळंल, वडिलांच्या नक्ष्या कुठनं आणणार?

मागावरचा
बॅटरी कापली. डिस्क ४२० एमबीची आहे. बाजारातला यूएसबी-आयडीई अडॅप्टर लावून लॅपटॉपला जोडली, फिरल्याचा आवाज येतो पण लॅपटॉपला काहीच दिसत नाही. गेली का?

हडपसर
एवढ्यात हाय खाऊ नका. त्या काळातल्या बऱ्याच डिस्कना एलबीए (सेक्टरना सलग क्रमांक द्यायची) पद्धत येत नाही, त्यांना सिलिंडर-हेड-सेक्टर असा पत्ता द्यावा लागतो. यूएसबी अडॅप्टर फक्त एलबीए बोलतात, म्हणून डिस्क धडधाकट असली तरी दिसत नाही. पेंटियम २ किंवा ३ च्या बोर्डावर खरी आयडीई केबल लावा, डिस्क तिथे जोडा, सीडीवरून लिनक्स चालू करा आणि पूर्ण डिस्कची सेक्टर-बाय-सेक्टर प्रतिमा काढून घ्या. आधी प्रतिमा, मग फायली उघडून बघणं. जुन्या डिस्कला फायलींमागे इकडेतिकडे पळवण्यापेक्षा एका दमात सरळ वाचून काढलेली बरी.

डिस्कवर लेबल असेल तर त्यावरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे लिहून ठेवा. तुमच्या बोर्डाची बॅटरी गेली म्हणजे बायॉसमधली (बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममधली) नोंदही पुसली गेली. तेच आकडे पुन्हा भरावे लागतील.

मागावरचा
भाच्याच्या कॉलेजच्या मित्राकडे पेंटियम ३ निघाला. त्याच्यावर डिस्क लगेच दिसली. प्रतिमा निघाली, एकही सेक्टर खराब नाही. दोन पेनड्राइव्हवर आणि घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली. हडपसरकर, मनापासून आभार. आता बोर्ड.

तांब्याची तार
मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे सोल्डरिंगचं मी सांगते. सावकाश करा.

किराणा दुकानात चायनीजसाठीचं पांढरं व्हिनेगर मिळतं, तेच घ्या. लिंबू चालतं, पण त्याचा गर आणि साखर मागे राहते, मग तेही धुवावं लागतं. सगळी कार्डं, रॅम, सॉकेटमधला प्रोसेसर आणि बायॉसची चिप काढा. इयरबड व्हिनेगरमध्ये बुडवून फक्त भुकटी असलेल्या जागी लावा. थोडं फसफसेल. फसफसणं थांबेपर्यंत पुन्हा लावा. मग जुन्या टूथब्रशनं पाण्यात धुवा, पण नळाच्या पाण्यात नको, आपल्याकडच्या पाण्यात क्षार फार. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात द्या आणि पंख्यासमोर वाळवा. भर उन्हात गच्चीवर ठेवू नका, मे महिन्यातलं सोलापूर आहे.

वाळल्यावर भिंग आणि उजेड घेऊन बसा. जिथे हिरवा थर काळपट झालाय किंवा फुगून त्याखाली फोड आल्यासारखं दिसतं, तिथे ब्लेडच्या टोकानं हळूच खरवडा. खाली गुलाबी-चकचकीत तांबं दिसलं तर ट्रॅक जिवंत आहे. काळा-हिरवा चुरा निघाला तर तो ट्रॅक तुटलेला धरा. दिसायला अखंड असला तरी. मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावा आणि ट्रॅकच्या दोन्ही टोकांच्या पिनांवर टोचा. मधल्या व्हायावर टोचून समाधान मानू नका, बहुतेक वेळा तुटलेलं असतं ते व्हायाच्या आतच.

गळतीच्या जागचं सोल्डर राखाडी आणि मंद दिसेल. ते सोल्डरिंगच्या इस्त्रीनं वितळत नाही. गरम करत बसलात तर पॅड उचलून येईल. आधी फ्लक्स लावा, ताजं सोल्डर घाला, दोन्ही मिसळू द्या, मग विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीदार पट्टीनं) सगळं उचला. असं दोनदा-तीनदा केलं की पृष्ठभाग परत चमकतो.

मागावरचा
ताई, फार उपयोगी. जंपरला वायर कुठली घेऊ? आमच्या शेजारी मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्याकडे बारीक तांब्याची तार आहे.

तांब्याची तार
चालेल, पण एक बघा. मोटरच्या तारेवरचं इनॅमल उष्णता सोसणारं असतं, इस्त्रीनं जळत नाही. टोकं ब्लेडनं खरवडून, कल्हई करून मगच लावा. रिले किंवा छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलची तार मिळाली तर तिचं इनॅमल सोल्डरच्या उष्णतेनं आपोआप जळतं, काम सोपं होतं. जाडी ०.१५ ते ०.२ मिलिमीटर पुरे. व्हायाच्या भोकातून तार आरपार घालून दोन्ही बाजूंना टाका लावा आणि वर हिरवं मास्क किंवा निदान पातळ नेलपॉलिश द्या.

विजापूर रोड
एवढ्या भानगडीत कशाला पडायचं? आयसा कार्डावरची चिप ८२५५ असेल, म्हणजे बाहेरच्या यंत्राशी बोलणारी. तीन पोर्ट, २४ लाइनी. एक आर्डुइनो, सोलेनॉइड ओढायला तीन यूएलएन२८०३ चिपा, काम झालं. आयसा, ४८६, सगळं विसरा.

जुना डॉस
विजापूर रोड, कल्पना चुकीची नाही, आणि मागावरचा यांनी कार्डाचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो आताच काढून ठेवावेत हे मीही म्हणेन. बेस ॲड्रेसचे (प्रोग्राम कार्डाला कुठल्या क्रमांकावर शोधतो ते ठरवणारे) जंपर, बहुधा ३००एच वर लावलेले असतील, तेही लिहून ठेवा. पण मशीनला फक्त सोलेनॉइड ओढायचे नसतात. पुठ्ठा पुढे सरकला का, पंच वर आला का, हे सांगणारे स्विच असतात, कुठली पिन कधी किती वेळ ओढायची याचा क्रम असतो. तो क्रम आज फक्त त्या डॉसच्या प्रोग्राममध्ये आहे. चालू यंत्र समोर असताना तो लॉजिक ॲनालायझर (वायरींवरचे सिग्नल नोंदवणारं यंत्र) लावून टिपता येतो, बंद यंत्रावरून नाही. म्हणजे तुमचा रस्ता धरायचा असेल तरी आधी हाच बोर्ड चालू व्हायला हवा.

विजापूर रोड
हे पटलं.

हडपसर
मागावरचा, अपग्रेडबद्दल विचारलंत म्हणून. बोर्ड सॉकेट ३ चा असेल आणि त्यावर व्होल्टेजचे जंपर असतील तर एएमडीचा ५एक्स८६-१३३ लावता येईल. ३३ च्या बसवर चौपट, आत १६ केबी कॅश, डीएक्स२ च्या जवळपास दुप्पट काम. बोर्डावरचा एल२ कॅशही (प्रोसेसरबाहेरची जलद मेमरी) बघा. २५६ केबीसाठी ३२ केबीच्या आठ चिपा आणि एक टॅग लागते. रॅम ७२ पिनची असेल तर ४८६ ला एकच पट्टी चालते, ३० पिनची असेल तर चार-चारच्या संचानं. मी माझ्या बोर्डावर हे सगळं केलंय आणि फार आनंद मिळाला.

जुना डॉस
हडपसर, तुमच्या खेळायच्या यंत्रावर जरूर. पण इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

डीएक्स२-६६ हा ५ व्होल्टचा प्रोसेसर आहे. डीएक्स४ आणि ५एक्स८६ हे ३.४५ व्होल्टच्या आसपासचे. सॉकेटमध्ये सगळे बसतात, म्हणून लोक बसवतात, आणि ५ व्होल्ट मिळाले की जातात. बोर्डावर रेग्युलेटर आहे की नाही हे मॅन्युअलवरून किंवा मीटरनं खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही. रेग्युलेटर नसेल तर मध्ये बसवायचा वेगळा अडॅप्टर लागतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या काळातले मशीन चालवणारे प्रोग्राम वेळ मोजायला रिकामे लूप फिरवायचे. प्रोसेसर वेगवान झाला की लूप लवकर संपतो, सोलेनॉइडला पल्स अपुरी मिळते आणि भोक पडत नाही. दहा हजार भोकांत चार राहिली तर तुम्हाला पत्त्यावर दिसणारही नाहीत, दिसतील ती चादर विणल्यावर. टर्बो पास्कलमधले प्रोग्राम तर वेगवान पेंटियम २ वर सुरू होतानाच रनटाइम एरर २०० देऊन बंद पडतात. कारण तेच, विलंब मोजायचा हिशोब भागाकारात उतू जातो. त्याला पॅच आहेत, पण सोलेनॉइडच्या वेळेला पॅच नाही.

तपासायची सोपी युक्ती आहे. बोर्ड चालू झाला की रिकाम्या पुठ्ठ्यावर पंचिंग सुरू करा आणि समोरचं टर्बो बटण दाबून वेग कमी करा. मशीनची टकटक मंदावली तर प्रोग्राम लूप मोजतोय. तशीच राहिली तर तो बोर्डावरचा टायमर वापरतोय, आणि मग प्रोसेसरचा विचार करता येईल.

मागावरचा
टर्बो बटण आहे! लहानपणापासून ते कशासाठी असतं हा प्रश्न होता.

बोर्ड धुतला. कीबोर्ड सॉकेटजवळ आणि पहिल्या आयसा स्लॉटखाली मिळून बरेच ट्रॅक गेले होते. ताईंनी सांगितल्याप्रमाणे एकेक तपासून जंपर लावले. चालू केलं, पण अजून डिस्प्ले नाही. ऑनलाइन पोस्ट कार्ड (बोर्ड कुठे अडकलाय ते दाखवणारं) मागवलंय.

जुना डॉस
उत्तम. पोस्ट कार्ड आयसाचंच घ्या, किंवा दोन्ही बाजूंना कड असलेलं. ते पोर्ट ८०एच वर बायॉस जे आकडे लिहितं ते दोन अंकांत दाखवतं. पण आकड्यांआधी त्यावरचे दिवे बघा. ५, १२, उणे १२, उणे ५, हे व्होल्टेजचे. मग क्लॉक आणि रीसेट. रीसेटचा दिवा चालू केल्यावर क्षणभर लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बोर्ड रीसेटमधून बाहेरच येत नाहीये. कधीच लागला नाही तर ती लाइन तुटली असेल. आयसा स्लॉटवर रीसेट म्हणजे बी२ पिन. आणि बी३० वर १४.३१८ मेगाहर्ट्झ असायला हवेत, ऑसिलोस्कोप मिळाला तर.

बोर्डावर १२ व्होल्टच्या लाइनीला पिवळे-केशरी थेंबासारखे टॅन्टलम कपॅसिटर असतील तर पॉवर न देता १२ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. ते शॉर्ट होऊन जातात, आणि मग एसएमपीएस सुरूच होत नाही. तुमचा पंखा फिरतोय म्हणजे बहुधा ते ठीक आहेत.

मागावरचा
कार्ड आलं. व्होल्टेजचे सगळे दिवे लागले. रीसेट मात्र लागलाच नाही. बी२ पासून मागे मागे मीटर लावत गेलो तर स्लॉटच्या खाली, प्लॅस्टिकच्या आत दडलेला ट्रॅक तुटलेला होता. वरून अजिबात दिसत नव्हता. मागच्या बाजूनं तार टाकली.

आणि आता स्पीकरमधून सहा बीप! इतका आनंद झाला की कामगार बघायला आले.

जुना डॉस
अभिनंदन! बायॉस एएमआयचा असेल तर सहा बीप म्हणजे गेट ए२० चा प्रॉब्लेम, म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर. ४० पिनची लांब चिप असेल, ८०४२ किंवा तिचीच भावंडं. ती बरोबर बॅटरीच्या शेजारी असते, म्हणून गळतीत हमखास सापडते. सॉकेटमध्ये असेल तर काढा, सॉकेटच्या पिना आतून हिरव्या झाल्या असतील. चिपचे पाय खोडरबरनं घासा. सॉकेट खराब असेल तर बदला. कीबोर्डच्या ५ व्होल्टच्या वाटेत एक छोटा फ्यूज असतो, दिसायला रेझिस्टरसारखा, तोही मीटरनं बघा.

सात रस्ता
सहा बीपचा अर्थ तोंडपाठ असणारी माणसं अजून आपल्या गावात हायत, बरं वाटलं वाचून.

मागावरचा
सॉकेटच खराब होता. दोन पिना तर हात लावताच तुटल्या. ताई, सॉकेट काढताना ग्राउंडची पिन सुटता सुटेना.

तांब्याची तार
ग्राउंडच्या पिना आतल्या तांब्याच्या थराला जोडलेल्या असतात, उष्णता तो थर ओढून घेतो. २५ वॅटची इस्त्री पुरत नाही. ६० वॅटची, रुंद टोकाची घ्या, ताजं सोल्डर घाला आणि उलट बाजूनंही गरम करा. सॉकेटचं प्लॅस्टिक आधी कापून पिना एकेक सुट्या केल्या तर बोर्डाला कमी त्रास होतो. जुना सॉकेट वाचवण्यात अर्थ नाही, बोर्ड वाचवायचाय.

मागावरचा
तसंच केलं. नवीन सॉकेट बसवला. आणि मंडळी, एक बीप, मेमरीची मोजणी, आणि स्क्रीनवर सीमॉस चेकसम एरर (म्हणजे जपलेली सेटिंग पुसली गेलीत)! आमच्याकडे एररचा एवढा जल्लोष कधी झाला नव्हता. डिस्कचे आकडे भरले, डॉस उठलं, प्रोग्राम उघडला. वडिलांना बोलावून आणलं. त्यांनी सरळ एक मोराची नक्षी उघडली आणि कीबोर्डवर बसले.

टर्बोची परीक्षाही घेतली. बटण दाबताच टकटक स्पष्ट मंदावली. म्हणजे प्रोसेसर आहे तोच राहू दे.

हडपसर
टर्बो बटणाची युक्ती मला माहीत नव्हती. ५एक्स८६ ची शिफारस या यंत्रापुरती मागे घेतो.

मग अपग्रेड म्हणून फक्त डिस्क करा. आयडीईला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावायचा अडॅप्टर स्वस्तात मिळतो. कार्ड ५१२ एमबीचंच घ्या. जुन्या बायॉसची मर्यादा १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, म्हणजे ५२.८ कोटी बाइट. ५१२ एमबीचं कार्ड त्याच्या आत बसतं, कुठलाही जुगाड लागत नाही. मोठं कार्ड हवं असेल तर एक्सटी-आयडीई नावाचा मोफत बायॉस एप्रॉमवर लिहून नेटवर्क कार्डाच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवतात, पण तुम्हाला त्याची गरज नाही. आधी काढलेली प्रतिमा थेट लिहू नका, डिस्कची भूमिती (सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे) आणि कार्डाची भूमिती वेगळी असेल. कार्ड तुमच्याच बोर्डात लावून एफडिस्क, फॉरमॅट करा, सिस्टिम फायली टाका आणि मग बाकीच्या फायली उतरवा. मूळ डिस्क कपाटात.

मागावरचा
करतो. नवीन बॅटरी काय लावू? दुकानदार तशीच निळी दाखवतोय.

जुना डॉस
तशीच लावलीत तर काही वर्षांनी हाच धागा पुन्हा वर येईल. आणि नाण्यासारखा सीआर२०३२ सेल थेट त्या जागी लावायचा नाही. हा बोर्ड चालू असताना बॅटरीला चार्ज करतो, आणि तो सेल चार्ज व्हायला बनलेला नाही, फुटू शकतो. मध्ये एक डायोड टाका, म्हणजे करंट सेलकडून बोर्डाकडे जाईल, उलट येणार नाही. साधा १एन४१४८ टाकला तर त्यात व्होल्टेज जास्त जातं, म्हणून शॉटकी डायोड, १एन५८१७ वगैरे.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे बोर्डावर चार पिनांचा बाहेरच्या बॅटरीचा कनेक्टर असतो. कुठली पिन धन हे मीटरनं ठरवा, जवळचा जंपर बाहेरच्या बॅटरीवर करा, आणि चालू बोर्डात त्या पिनेवर चार्जिंगचं व्होल्टेज येत नाही ना हेही बघा. तीन पेन्सिल सेलचं होल्डर लांब वायरवर घेऊन कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला चिकटवा. हे सेलही कधी ना कधी गळतात, पण मग पत्र्यावर गळतील.

आणि कारखान्यात कापसाचा भुगा उडतो. प्रोसेसरवरचा छोटा पंखा त्यानं अडकतो. डीएक्स२ ला मोठा हीटसिंक लावून पंखा काढला तरी चालतं, फक्त हवा खेळती हवी.

कंपोझिटर
हा धागा वाचून मलाही विचारावंसं वाटलं. पूर्वी साखर पेठेत छापखाना होता. माझ्याकडे पेंटियम एमएमएक्सचा बोर्ड आहे, त्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे, आयसाचं. त्या कार्डामुळे डॉसमध्ये मराठी टाइप व्हायचं. त्यावर केलेली दिवाळी अंकांची आणि गावोगावच्या स्मरणिकांची कितीतरी पानं आहेत. बोर्ड चालू होतो, पण दर वेळी तारीख जाते, डिस्क विसरतो, एफ१ दाबायला सांगतो. बॅटरी शोधली तर सापडत नाही. आणि ६४ एमबीची रॅम १२८ केली तर विंडोज ९८ उलट हळू झालं, हे काय गौडबंगाल?

जुना डॉस
काळी, चौकोनी, उंच चिप शोधा, त्यावर घड्याळाचं चित्र किंवा डीएस१२८८७ असं काही असेल. बॅटरी आणि क्रिस्टल दोन्ही तिच्या आत इपॉक्सीत गाडलेले असतात. १६ आणि २० नंबरच्या पिना खाली बोर्डात येतच नाहीत, त्या आत वर वळून बॅटरीला जोडलेल्या असतात. १६ ऋण, २० धन. त्या बाजूच्या कडेला बारीक ग्राइंडरनं इपॉक्सी खरवडत जा, दोन्ही पिना दिसतील. आतल्या मेलेल्या सेलकडे जाणारी जोडणी कापा, बाहेर दोन वायरी काढून सीआर२०३२ चं होल्डर लावा. इथे डायोड नको, ही चिप सेलला चार्ज करत नाही. तोंडाला मास्क लावा, ती धूळ वाईट.

रॅमचं कारण चिपसेट. इंटेलचा ४३०टीएक्स पहिल्या ६४ एमबीलाच एल२ कॅश देतो. त्यापुढची रॅम कॅशशिवाय चालते, आणि विंडोज ९८ वरच्या टोकापासून रॅम वापरायला घेतं. म्हणजे जास्तीत जास्त काम हळू भागात होतं. ६४ वरच राहू द्या.

तांब्याची तार
कंपोझिटर काका, तुमच्या फायली इस्कीत (भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीत) असतील तर त्या युनिकोडमध्ये आणता येतात. इस्कीत देवनागरी, तेलुगू, कन्नड सगळ्यांना एकच संकेतांक असतात, आणि युनिकोडचे भारतीय लिप्यांचे तक्ते त्याच्याच मांडणीवरून बनलेत. त्यामुळे बहुतेक अक्षरं एकास एक बसतात, फक्त नुक्ता आणि हलन्ताच्या काही जागा हातानं बघाव्या लागतात. कार्डावरच्या वर्ड प्रोसेसरनं स्वतःच्या खुणा घातल्या असतील, त्या आधी गाळा. आमचे विद्यार्थी मदत करतील, मी बोलते त्यांच्याशी. आपल्या गावातल्या जुन्या स्मरणिका आहेत म्हटल्यावर नक्कीच.

विजापूर रोड
माझ्याकडे २००२ च्या सुमाराचा बोर्ड आहे, प्रोसेसरजवळचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेत. बदलले तर चालेल ना?

तांब्याची तार
चालेल. त्या वर्षांत बऱ्याच उत्पादकांच्या कपॅसिटरमध्ये इलेक्ट्रोलाइट खराब निघालं होतं. मायक्रोफॅरड तेच, व्होल्टेज तेच किंवा जास्त, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) आणि १०५ अंशाचे. साधे ८५ अंशाचे लावू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच ४० ला असते. फुगलेला एक दिसला तरी त्या रांगेतले सगळे बदला. पांढऱ्या पट्टीची बाजू ऋण, पण बोर्डावरची खूण कुठल्या बाजूला आहे हे जुना काढायच्या आधी फोटोत टिपा, सगळे बोर्ड एकच पद्धत पाळत नाहीत.

मागावरचा
कॉम्पॅक्ट फ्लॅशवरून डॉस उठतंय. पेन्सिल सेलचं होल्डर पत्र्याला लावलं, रात्रभर प्लग काढून ठेवला, सकाळी तारीख-वेळ जागेवर. काल मोराच्या नक्षीचा पूर्ण पत्त्यांचा जोड पाडून मागावर चढवला, एकही भोक चुकलं नाही. कार्डाचे फोटो, जंपर आणि केबलच्या पिनांचा तक्ता इथे टाकतोय. विजापूर रोड, लॉजिक ॲनालायझर असेल तर रविवारी कारखान्यात या, माग बंद असतात, निवांत बसता येईल. दुसरा सुटा ४८६ बोर्ड कुणाकडे असेल तर मला हवाय, चालू असो वा नसो, योग्य पैसे देईन.

विजापूर रोड
येतो. सोळा चॅनलचा आहे, एका वेळी दोन पोर्ट बघता येतील. केबल मधून तोडायला नको, मी टोचायच्या क्लिपा आणतो.

कंपोझिटर
मागावरचा, माझ्याकडे एक ४८६ बोर्ड आहे, व्हीईएसए स्लॉटवाला, पोत्यात गुंडाळलेला. बॅटरी त्याच्यावरही आहे. आजच कापतो. पैसे नकोत. रविवारी त्यांच्यासोबत पाठवू का? आणि डॉस साहेब, त्या काळ्या चिपला होल्डर लावलं, मीटरवर ३ व्होल्ट दाखवतंय, एफ१ विचारायचं बंद झालं. रॅम परत ६४ केली. ताई, फायली कुठे पाठवू ते सांगा.

तांब्याची तार
काका, पाठवू नका, कार्डासकट कॉम्प्युटरवरच वाचून घेणं बरं. मुलांना घेऊन मीच येते. सोमवारी चालेल?

कंपोझिटर
चालेल. दुपारी चारनंतर या.